चटईचे खिळे

"तू रोज येत नाईस, मंग चेंडू कायले मागून राहिला?" रवींद्रनं साऱ्यायसमोर गुणवंताले ऐकवलं. "रोज येणाऱ्यानं बॉल टाकायचा. कधीमधी येणाऱ्यानं चटई ठोकायची."

पांढुर्ण्याच्या क्रिकेट क्लबात हा कायदाच होता. रवींद्र कचेरीतला बाबू, पाच वाजले का मैदानावर. सतरा वर्षांचा गुणवंता टेशनावर संत्र्याच्या पेट्या भरे, मालगाडी सोडंल तवा त्याची सुट्टी. तो दिसला का रवींद्र म्हणे, "काय पाव्हणं, वाट चुकले का?" बाकीचे दात काढत. गुणवंता खेळपट्टीवर काथ्याची चटई ताणून खिळे ठोकी, अन् प्रत्येक खिळ्यात त्याले रवींद्रचं टाळकं दिसे.

छप्पनच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा इकडंच राहिलं. बाबूंच्या बदल्या झाल्या, त्यात क्लबाचे दोन बॉलर गेले. सौसरशी मॅच तोंडावर आलती. कप्तान भैय्याजी मास्तर सोता टेशनावर आले, म्हणाले, रविवारी ये, एका बाजूनं तूच टाकशील. गुणवंतानं मुकादमाच्या हातापाया पडून दुपारच्या मालगाडीपावतर सुट्टी काढली.

रविवारी रवींद्र आडवा आला. असल्यासंग मी बॉल टाकत नाई म्हणे. मास्तरायनं त्याचंच ऐकलं, अन् गुणवंताले पार बांधापाशी उभं केलं. मंग गुणवंतानंबी हातोडीले हात लावला नाई. चटई रवींद्रनंच ठोकली, घाईघाईत, न ताणता. टोक ढिलं हाय, हे गुणवंताले दुरूनच दिसलं. त्यानं सांगितलंबी. रवींद्र म्हणाला, आता हमाल शिकवंल आमाले.

तिसऱ्याच षटकात चटईची घडी उठली, त्यात बॉल टाकताना रवींद्रचा पाय अडकला अन् गडी तोंडावर आपटला. घोटा सुजला. त्याले उचलून झाडाखाली नेलं.

गुणवंता पँटीले हात पुसत धावत आला. चेंडू मास्तरायच्या हातात होता. त्यायनं तो श्रीधरले देला. श्रीधरनं जन्मात बॉल टाकला नोता, पण रोज येत होता.

"गुणवंता," मास्तर हातोडी पुढं करून म्हणाले, "तेवढी चटई नीट करून दे."

गुणवंतानं हातोडी घेतली. खाली बसला अन् उरलेले खिळेबी एकेक करून उपटले. मंग हातोडी श्रीधरच्या पायाशी टाकली.

"रोज येणाऱ्यायनं ठोका. मले आता जा लागते, मालगाडी मांगच्या टेशनावर, तिगावले आली असन."