आतून घासलेली तपेली

मी पितळेची तपेली बोलतेय. तुम्हाला गोड वाटावं म्हणून मुळीच नाही. तुम्ही मला जन्मभर बाहेरूनच पाहिलंत, हा माझा तुमच्यावरचा राग आहे. तो रास्त आहे की नाही, याची मात्र मला अजून पुरती खात्री नाही.

सांगलीत एका तांबटाने मला ठोकून घडवलं. मग कल्हईवाल्याने भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कापडाच्या बोळ्याने माझ्या पोटात कथलाचा पांढरा थर फिरवला. पितळ आणि आंबट यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो. तो गेला की मी अन्नात उतरू लागते.

फलटणजवळच्या एका ऊसवाल्या घरात मी आले. हरिबांची बायको बनुबाई माझी मालकीण. दिवाळीआधी कल्हई करून घ्यायला ती कधी चुकली नाही. पण घासलेली भांडी ती अंगणात उन्हात पालथी घालायला लावायची आणि चकाकीवरून सुनेची पारख करायची. पालथ्या भांड्याच्या पोटात कोण बघतो?

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी अंजना सून म्हणून आली, माण तालुक्यातल्या कोरड्या गावातून. नवरा जोतीराम फौजेत. लग्नाची रजा संपली आणि तो गेला. अंजनाच्या माहेरी सगळी भांडी मातीची नाहीतर जर्मनची, म्हणजे हलक्या अ‍ॅल्युमिनियमची. कल्हई तिने कधी पाहिलीच नव्हती. माझ्या पोटातला पांढुरका थर तिला डाग वाटला. जोतीराम गेल्यावर पाचव्या महिन्यात चिंच आणि विटेची भुकटी घेऊन ती चार दिवस त्याच्यामागे लागली. मी कण्हले, पण भांड्याचं कण्हणं म्हणजे तुमच्या लेखी खणखणाट.

"आत्या, आतनं बी सोन्यावाणी केलीया बगा."

बनुबाईने मान वर केली नाही. "लय शानी हाईस. घाल पालथी आन् चुलीकडं बग."

त्या दिवसापासून चिंचेची आमटी माझ्या उघड्या पोटात शिजू लागली. पुरुष गरम गरम जेवून उसात जायचे. मग बनुबाई जेवायची. धुणं, शेणकूट उरकून अंजना सर्वांत शेवटी बसायची. तोवर आमटी तीन-तीन तास माझ्यात पडून असे. तळाशी उरलेलं खरवडून ती भाकरीला लावायची.

दोन महिन्यांत तिची भूक मेली. घास तोंडात घेतला की धातूची चव आणि मळमळ. शेजारची शालूबाई हसून म्हणाली, "बनुबाई, सुनंला डोहाळं लागलं जणू!"

बनुबाई हसली नाही. तिने बोटांवर महिने मोजले. जोतीरामला जाऊन सात झाले होते.

"कुनाचं हाय गं?" तिने माझ्यादेखतच विचारलं.

अंजनाने ताटातल्या भाकरीवर हात ठेवला. "आत्या, भाकरीची शपत. तसलं काय बी न्हाई. निस्तं जेवान नगं वाटतंय."

सुईणीने तपासून "काही नाही" असं सांगितलं, तरी बनुबाईने तिला माहेरी धाडलं. पंधरा दिवसांत निरोप आला, पोरगी चांगली जेवतेय, न्यायला या. झालं! बनुबाई कडाडली, "बगितलं? आमच्याच घरात हिला घास जात न्हाई. नाटकी! जोतीरामला कळवा, दुसरी बगू म्हनावं."

हरिबा म्हणाले, "दिवाळीला येतोय त्यो. तवा सांगू." म्हणून ते पत्र राहिलं.

आता घरात शेवटी जेवणारी बनुबाईच उरली. तळ तीच खरवडू लागली. दीड महिन्यात तिची भाकरी ताटात तशीच राहू लागली. शालूबाई कुठली सोडते? "आवं, आता तुमाला बी डोहाळं का काय?"

बनुबाई तिच्यावर खेकसली. मग मला उचलून उन्हात गेली आणि पहिल्यांदाच तिने मला सुलटं धरलं. आत पिवळं लख्ख पितळ आणि काठाशी हिरवी कड. तिने नखाने ती कड खरवडून पाहिली. माझ्यामुळेच भूक गेली असं छातीठोकपणे म्हणायला माझ्याकडे कुठल्या डॉक्टरचा दाखला नाही. बनुबाईला मात्र तो लागला नाही.

मला वाटलं, आता ही बोलेल. ती हरिबांना एवढंच म्हणाली, "सुनंला घेऊन या."

"आन् त्ये नाटक?"

"भांडी घासाया कोन न्हाई घरात."

अंजना आली. चुलीवर जर्मनचं नवं पातेलं होतं. ती बनुबाईच्या पाया पडली. "माजं चुकलं, आत्या. आता जेवीन मी."

खरं सांगायला याहून सोपी वेळ नव्हती. बनुबाई म्हणाली, "ऊठ. परत असं करू नगं."

आज मी कोंबड्यांच्या खुराड्याशी पालथी पडले आहे. अंजना अजूनही शेवटीच जेवते, आणि आपली भूक गेली होती हा आपलाच गुन्हा असं मानते. येता-जाता ती मला घासतेसुद्धा, बाहेरून, सवयीने.

बाई गं, मला चमकवू नकोस. एकदाच उचल, उन्हात धर आणि माझ्या पोटात बघ. मग जा आणि तुझ्या सासूला विचार, दिवाळीआधी तिने काय पाहिलं होतं.