नवस आईचा, पाय दिवलीचे

लोणखेड्याहून प्रकाशा चार कोस. मोठ्या माणसाचे चार. पाच वर्षांच्या पोरीचे किती, हे नवस बोलताना वत्सलाबाईने मोजलं नव्हतं.

मानमोडीच्या साथीत तिची दिवली नऊ दिवस तापाने फणफणली होती. आळीत रोज कुणी ना कुणी जात होतं. तेव्हा वत्सलाबाईने प्रकाशाच्या महादेवाला हात जोडले: पोर वाचव, ती स्वतःच्या पायांनी तुझ्या दारी येईल. मी येईन, असंही म्हणता आलं असतं. पण देवाला काहीतरी जड द्यावं, आणि त्या घडीला तिच्याजवळ पोरीहून जड दुसरं काही नव्हतं.

पोर वाचली. माघी पौर्णिमेला सगळी निघाली. पुढे नवऱ्याची, रतिलालची बैलगाडी. तिच्यात शिधा, भांडी आणि गुडघे धरून बसलेली सासू जसोदाबाई. मागे मायलेकी, पायी. दिवलीला उचलायचं नाही, गाडीत घ्यायचं नाही. नवस मोडला तर ताप परत येईल, यात वत्सलाबाईला तिळभर शंका नव्हती.

पहिला कोस. गूळ.

खडा तोंडात असेपर्यंत पाय चालत. विरघळला की थांबत. कोस सरायच्या आत पुरचुंडी रिकामी.

दुसरा कोस. झाडं.

"प्रकाशं कोठे शे, माय?"

"त्या बाभूळनामांगे."

बाभळीमागे गोमाई नदीची वाळू होती. मग चिंच दाखवली. चिंचेमागे कापसाचं वेचून झालेलं शेत, मग निंब. समोरून केळीचा घड घेऊन एक अनोळखी म्हातारा आला. त्याला काही सांगावं लागलं नाही, पोरीचं तोंड पाहूनच तो म्हणाला, "आलंच वं बेटा, हाई काय!" या रस्त्यावर लहान पोराशी खोटं बोलणं हा सगळ्यांचाच धर्म होता.

निंबामागे आणखी एक निंब निघाला, तेव्हा दिवली म्हणाली, "तुम्ही समदा खोटं बोलतस."

तिसरा कोस.

पुरा झाला नाही. दिवली रस्त्यात मांडी घालून बसली.

गाडी थांबली. रतिलाल उतरून आला. "उचली लेस मी. कोन पाही ऱ्हायनं?"

"हात नका लावू तिले."

"पुनीम आज शे," गाडीतून जसोदाबाई ओरडली. "पुनीम चुकनी ते देव कोपी. दोन चापट्या दे, चालती व्हई."

वत्सलाबाईचा हात वर गेला. दिवलीने मान खाली घातली नाही. ती आईकडे पाहत होती, आणि तिच्या टाचेतून रक्ताचा एक बारीक थेंब धुळीत उतरत होता.

"देवले कोनी सांगं, मी चालसू म्हनीसन?"

"मी सांगं."

"नवस तुन्हा, ते पाय मन्हा कसाले?"

रतिलालला हसू आलं. वत्सलाबाईचा हात तसाच हवेत राहिला, मग आपोआप खाली आला. ती पोरीसमोर धुळीत बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा खरं बोलली.

"तू मरी ऱ्हायनी व्हती, बेटा. मी भ्यायनी. म्हनीसन नवस बोलनी."

दिवलीने हे ऐकलं. "आते कितलं दूर शे?"

"खूप. आतेलोंग चालनी त्यान्हापेक्षा थोडं कमी."

एवढं मोठं खरं पोरीला पेलतंय का, ते वत्सलाबाई पाहत राहिली. दिवलीने जांभई दिली, आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि झोपली.

"आते?" रतिलालने विचारलं.

"तुम्ही जा." वत्सलाबाईने सासूकडे मान वळवली. "आत्याबाईले दर्शन करी आना. आम्ही येतस."

"कव्हय?"

"ती चाली तव्हय."

"आनि पुनीम?" जसोदाबाई.

वत्सलाबाईने नवसाचे आपलेच शब्द मनात उलटेपालटे केले. पाय बोलली होती. दिवस बोलली नव्हती. उद्या पोचू, परवा पोचू. वाटेत शेतकऱ्याचं खळं असेल, तिथे पडू. देव घाईत आहे असं तिला कुणी सांगितलं होतं? घाई तिची होती.

"पुनीम तुम्हनी, आत्याबाई," ती मांडीवरच्या पोरीवर हात ठेवत म्हणाली. "हाई मन्ही शे."

म्हातारी तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली. रतिलालने भाकरीचं फडकं आणि पाण्याचा तांब्या उतरवून ठेवला. गाडी वळणाआड गेली.

ऊन कलल्यावर दिवली जागी झाली. वत्सलाबाईने तिच्या टाचेला पदराची चिंधी बांधली. काही दाखवलं नाही, काही देऊ केलं नाही. नदीच्या वाळूत एक बगळा उतरला होता. दिवली उठली आणि त्याच्याकडे लंगडत चालू लागली. रस्ता सोडून, उगवतीकडे, म्हणजे नेमकी उलट्या दिशेला.

वत्सलाबाईच्या ओठांवर हाक आली होती. तिने ती गिळली, फडकं आणि तांब्या उचलला आणि मागोमाग निघाली.