पांढऱ्या बिंदल्या

नातीच्या बारशाला हातात घालायच्या सोन्याच्या बिंदल्या आणायच्या, एवढंच वनमालेनं मला सांगितलं होतं. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून घाटकोपरला सराफाकडे मी एकटा गेलो. तिथंच चुकलं.

काउंटरवरच्या मानसी नावाच्या मुलीनं पांढरं सोनं दाखवलं. मला ती चांदी वाटली.

"नाही आजोबा, अठरा कॅरेट. शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, बाकी पॅलेडियम वगैरे. पिवळेपणा त्यानं जातो. वर रोडियमचा मुलामा, म्हणून चमक."

धातूंविषयी वाचलेलं सगळं मला आठवलं आणि मी इतके प्रश्न विचारले, की न घेता उठायची लाज वाटली. शिवाय ती म्हणाली, "हे सोनं ओरडून सांगत नाही. ज्याला कळतं त्याला कळतं." हा स्वभाव मला फार ओळखीचा वाटला.

घरी डबी रिबिनीसकट दाखवली. रंगाविषयी बोलायचं धैर्य झालं नाही.

मुलुंडला सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं होतं. विहीणबाईंनी, म्हणजे प्रेमाताईंनी, डबी उघडली. "अगंबाई, चांदीचे वाळे! किती गोड!" म्हणत त्यांनी बिंदल्या बाळाच्या पायांत चढवल्यासुद्धा.

वनमाला माझ्या कानाशी आली. "अहो, सोनं आणायला सांगितलं होतं ना?"

"सोनंच आहे."

"कुठाय?"

"पायात."

तिचा चेहरा उतरला. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते कमरेखाली कोण घालतं? आणि आमच्या लेकीच्या, रश्मीच्या माहेरानं सोनं कबूल करून चांदी आणली, असं चारचौघांत झालं ते निराळंच.

"मग सांगा ना त्यांना! की तेही मीच करू?"

मी दोनदा "प्रेमाताई" म्हणालो. पाळण्याच्या गाण्यात ते मलाही ऐकू आलं नाही. खरंच सोनं असेल का, अशीही शंका आली. मानसीनं मला बनवलं असेल तर? गाणं संपलं. बाळाची आत्या माधुरी नाव सांगायला कानाशी वाकली, हॉल शांत झाला, आणि नेमका तेव्हाच माझा आवाज फुटला.

"ते सोनं आहे!"

माधुरी दचकून नावच विसरली. प्रेमाताईंनी बिंदल्या ओढून काढल्या, कपाळाला लावल्या. "अहो भाऊ, आधी नाही का सांगायचं! आणि हे असं पांढरं कसं?"

मी सांगायला लागलो. पेढे दोनदा फिरले तरी माझं रोडियम चालूच होतं. जावई सुशांतनं मोबाइलनं आतला शिक्का मोठा करून दाखवला, तेव्हा सगळ्यांना पटलं. मलाही.

मग त्या हातांत घातल्या. लगेच घसरून पडल्या.

"बघा! माप पायाचंच आहे," प्रेमाताई खुशीत म्हणाल्या. "माझं काही चुकलं नव्हतं हं. बदलून आणा."

परतताना रिक्षात डबी वनमालेच्या मांडीवर होती.

"लग्नात नाव घ्यायला लावलं, तेव्हाही एवढा आवाज निघाला नव्हता तुमचा," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "हा मुलामा कायम राहतो?"

"नाही. घासून घासून उतरतो. खालून थोडी पिवळी झाक दिसते."

"अस्सं." तिनं डबी उघडली, एक बिंदली पदरात धरली आणि विक्रोळी येईपर्यंत घासत बसली.

घासलेली बिंदली उद्या सराफ बदलून घेईल का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.