लाल केळी छानच आहेत

लाल केळी आणायची अक्कल चष्मेवालीचीच. लेक पहिल्यांदाच आपला माणूस घरी दाखवायला आणणार होती, आणि टेबलावर नेहमीची सफरचंदं मांडली तर घर अगदीच दवाखान्यासारखं दिसेल असं हिला वाटलं. कोपऱ्यावरच्या फळवालीकडे ही फणी टांगलेली दिसली. तांबूस, जाडजूड, एकेक केळं म्हणजे बाळसेदार पोराचा दंड. फळवाली पिशवीत भरताभरता काहीतरी सांगायला लागली होती, पण चष्मेवालीला कोणी काही सांगितलेलं खपत नाही. दिवसभर दुकानात लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि कोणाला काय दिसतं, काय दिसत नाही ते ठरवायचं, हा तिचा धंदा. पिकलेलं फळ लाल असतं हे आता हिला फळवालीने शिकवायचं होतं की काय? पिशवी उचलून ती चालती झाली.

माणूस आला. लेकीपेक्षा अर्धी वीत बुटका, केस पाण्याने चापून बसवलेले, शर्ट त्याच सकाळी घडी मोडलेला. कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर नोकरी. म्हणजे सकाळपासून लोकांच्या शिव्या खायच्या आणि प्रत्येकाला म्हणायचं, तुमचं अगदी बरोबर आहे. चष्मेवालीने मनातल्या मनात त्याचं बारसं उरकलं, तक्रारवाला म्हणून, आणि केळ्यांचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

केळं काही सोललं जाईना. देठ वाकला, पण तुटायचं नाव नाही. शेवटी त्याने सुरी मागून घेतली आणि बटाटा तासावा तशी साल तासली. चीक बोटांना लागला, बाहीला लागला. पहिला घास तोंडात गेला तेव्हा त्याचे डोळे जरासे पाणावले. वा काकू, वेगळीच चव आहे, तो म्हणाला. चष्मेवालीने खूश होऊन दुसरं दिलं. तेही त्याने संपवलं, फक्त मध्ये दोन पेले पाणी प्याला. शेजारी चष्मेवालीच्या नवऱ्यानेही एक खाल्लं आणि म्हणाला, छान. लेक जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, दिवसभर कोणाकोणाच्या तोंडात हात घालते, पण केळं म्हटलं की तिला लहानपणापासून मळमळतं. त्यामुळे ती वाचली.

पाहुणा गेल्यावर चष्मेवालीने एक तासून चाखलं आणि तिला वाटलं, आपण खडू खाल्ला. खडू परवडला हो, तो निदान विरघळतो. हे जिभेला चिकटलं, टाळ्याला चिकटलं, घशात जाऊन बसलं. जातच असली घाणेरडी, आपण उगाच रंगाला भुललो, असं म्हणत तिने खळखळून चूळ भरली. आणि मग ओट्याला टेकून ती तशीच उभी राहिली. असली दोन दोन गिळून जो माणूस हसत वा म्हणतो, तो आपल्या लेकीला जन्मात कधी खरं सांगेल?

आता तुम्ही म्हणाल, बाई उगाच राईचा पर्वत करतेय. पण ही भीती हवेतून आली नव्हती, घरातच एक नमुना बसलेला होता. चष्मेवालीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कामावरची मंडळी त्याला छानराव म्हणतात, आणि ते काही लाडाने नाही. जेवण कसं झालंय? छान. भिंतीला हा रंग देऊ? छान. माझी आई महिनाभर राहायला येतेय. छान. एकदा तर दुकानात फुकटसुद्धा कोणी घेत नव्हतं अशी टोकदार हिरवी फ्रेम चष्मेवालीने मुद्दाम वर्षभर नाकावर चढवली. गिऱ्हाइकं दारातच दचकायची. छानराव म्हणाला, छान. त्या दिवशी नळ सोडून न्हाणीघरात ती किती रडली ते कोणालाच ठाऊक नाही. पिणारा नवरा असता, मारणारा असता, तर चार बायकांत बसून बोलता तरी आलं असतं. छान म्हणणाऱ्याची तक्रार करायची कोणाकडे? इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याकडे बघतो तरी का, हेच तिला कळलं नव्हतं. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं तिने तिथे ओट्याशी उभ्याउभ्या ठरवलं.

लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं, आई हो म्हणाली तरच लग्न. तेव्हा चष्मेवालीने आपल्याशी सौदा केला. हा तक्रारवाला एकदा, फक्त एकदा, तोंडावर खरं बोलला तर हो. नाहीतर लेकीने घर डोक्यावर घेतलं तरी नाही. आणि खरं बोलवून घ्यायला लाल केळ्यांसारखं नामी हत्यार आयतंच हाताशी आलं होतं.

मग काय, रविवार आला की केळी आली. सकाळी जाऊन ती ताजी, कडक, लाकडासारखी फणी निवडायची. फळवाली दर वेळी तोंड उघडायची आणि ही दर वेळी पाठ फिरवायची. तक्रारवाला यायचा, भांडं बघायचा आणि सुरी मागायचा. तुम्हाला आवडतात ना, म्हणून मुद्दाम आणली हो, असं ती मधाचं बोट लावून म्हणायची. किती लक्षात ठेवता काकू, असं तो म्हणायचा आणि चावत राहायचा. एकदा तिने चकत्या करून दिल्या, एकदा अख्खी तीन पुढ्यात ठेवली. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला, पण जीभ काही घसरली नाही. लेक बाजूला बसून खिडकीबाहेर बघायची. उरलेली केळी सोमवारी छानरावच्या डब्यात जायची आणि डबा रिकामा परत यायचा. दोघेही मूग गिळून बसलेले, नव्हे, केळी गिळून बसलेले. चष्मेवालीचा धीर एकेका रविवारी खचत चालला. लेक त्याच्याकडे बघायची तेव्हा तिचा चेहरा कसा होतो हे तिला दिसत होतं, आणि नाही म्हणायची वेळ जवळ आली होती.

अशातच एका आठवड्यात छानराव कामासाठी बाहेरगावी गेला. डबा नाही, तेव्हा उरलेली केळी चष्मेवालीने दुकानात नेली, की गिऱ्हाइकांना वाटून टाकू. गिऱ्हाइकं शहाणी निघाली. मग तिने ती मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, रिकाम्या खोक्यात टाकली आणि विसरून गेली. यंत्र दिवसभर चालतं, खोली कायम उबदार. चार दिवसांनी पुढच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला बसले होते. शेवटची ओळ वाचा म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ डोळे बारीक केले, मग नाक वर केलं आणि म्हणाले, अक्षरं काही दिसत नाहीत, पण मागे कुठेतरी झकास केळी पिकली आहेत.

ते गेल्यावर तिने खोकं उघडलं. केळी काळपट लाल झाली होती, हाताला मऊ लागत होती. सडली असणार म्हणून चष्मेवाली टाकायलाच निघाली होती, पण वास तसा नव्हता. देठ नुसता ओढला तर साल आपसूक सुटली. आतला गर पिवळसर गुलाबी. तिने एक घास घेतला आणि ती स्टुलावर बसलीच. एवढं गोड, एवढं लोण्यासारखं काही तिने कितीतरी दिवसांत खाल्लं नव्हतं. एक संपलं, दुसरं संपलं, तिसरं सोलताना मात्र तिचं तिला हसू आलं आणि पाठोपाठ शरमही वाटली. फळवालीकडे जाऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, ही जन्मतःच लाल, बाई, रंगावर जायचं नसतं, हाताला मऊ लागेपर्यंत ठेवायची. पहिल्यापासून तेच सांगत होते. तुम्ही ऐकेनात, तेव्हा मला वाटलं, कच्ची नेऊन भाजी करत असाल. चष्मेवालीने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराचं पूर्ण ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी भांड्यात पिकलेली केळी होती. तक्रारवाल्याने सवयीने सुरीकडे हात नेला. सुरी नको आज, ती म्हणाली. त्याने साल ओढली, घास घेतला आणि चावायचा थांबला. छानरावही थांबला.

"हे असं असतं?" तक्रारवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "मग इतके दिवस काय होतं ते?"

कच्ची केळी, चष्मेवालीने सांगून टाकलं. पहिल्यांदा माझ्या अडाणीपणामुळे, नंतर मुद्दाम. आता तुम्ही सांगा, कशी होती? तक्रारवाल्याने लेकीकडे बघितलं. सांग की, लेक म्हणाली.

"भयंकर होती काकू. पहिल्या रविवारनंतर बुधवारपर्यंत माझं पोट साफ झालं नव्हतं."

मग आजवर तोंडाला कुलूप का, असं तिने विचारलं. तुम्ही एवढ्या हौसेने दिलंत म्हणून, तो म्हणाला, पण हिला त्याच दिवशी बसथांब्यावर सांगितलं, तुझ्या आईला मी नको असेन तर सरळ सांगू दे, विष कशाला घालते. लेक हसायला लागली ती थांबेना. दर रविवारी बसथांब्यावर केळ्यांचा पंचनामा होत होता म्हणे. आणि केळ्यांचंच काय घेऊन बसलीस, ती म्हणाली. मी केस कापून घेतले तेव्हा सगळे मला गोड दिसतेस म्हणत होते. हा म्हणाला, सोललेल्या कांद्यासारखी दिसतेस. दोन दिवस बोलले नाही मी याच्याशी.

चष्मेवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला. सासूशी लबाडी, बायकोशी खरं. यापेक्षा बरा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. माझा होकार आहे, ती म्हणाली, आणि लेकीने टेबलाखाली त्याचा हात धरला ते तिने बघितलं. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्या आनंदाला लागूनच पोटच्या पोरीचा हेवा वाटला.

तिने छानरावकडे मान वळवली.

"तुम्हीही खाल्लीत की. दर रविवारी. तुम्ही कोणाला सांगितलंत?"

छानरावने हातातली साल ताटलीत ठेवली, मग उचलून दुसरीकडे ठेवली. कोणाला नाही, तो म्हणाला. तिला वाटलं, संपलं, आता उठेल आणि हात धुवायला जाईल. पण तो उठला नाही.

"डब्यातली मी लिफ्टच्या खड्ड्यात टाकायचो," तो म्हणाला. "उंदीरही शिवत नाहीत. आणि तुझं ते सूप आहे ना, ते मला आवडत नाही."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

लेक आणि जावई अंग चोरून बसले. छानराव टेबलाकडे बघत बोलत होता. त्याचे वडील रोज जेवताना आईच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला नाव ठेवायचे, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची. लहानपणीच त्याने ठरवून टाकलं होतं, आपल्या बायकोला आपल्या जिभेपायी कधी रडू द्यायचं नाही.

चष्मेवालीने चष्मा काढला. काच पुसली, पुन्हा पुसली.

"मी रडलेच हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं माझ्याकडे लक्षच नाही."

"सगळं बघत होतो," तो म्हणाला. "सगळंच."

तिने आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला भिडवली आणि सांगितलं, मग आता बोला, काय काय आवडत नाही ते. छानरावने घसा साफ केला, एकदा घरभर नजर फिरवली आणि पडद्यांपासून सुरुवात केली.