दुसरा ठोका

माझ्या भाचीचं टोपणनाव पिपाणी. लहानपणी ती रडायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेत, तेव्हापासूनचं. आता ती एका बँडमध्ये गाते. गिटार, ड्रम आणि कारखान्यांतून टिपून आणलेले यंत्रांचे आवाज, असं त्यांचं संगीत. 'गंज' नावाचा त्यांचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा एका वर्तमानपत्राने लिहिलं, "सोबत डोकेदुखीची गोळीही द्यावी." पोरगी आठवडाभर धड जेवली नाही.

मग शनिवारी सकाळी ती एक मासिक नाचवत आली. "आई, मावशी, कामं सोडा आणि ऐका!"

मी आणि धाकटी बहीण, म्हणजे तिची आई, वाटाणे सोलत होतो. धाकटीच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय, पण सोलण्यात ती मला हार जात नाही.

पिपाणीने वाचलं, "'तिसऱ्या गाण्यातला अडखळणारा ठोका हा या अल्बमचा प्राण आहे.' कळलं का? प्राण!"

"कळलं गं बाई, आता वाजव तरी," धाकटी म्हणाली.

धप्प. धप्प. धप्प. धप्प-धप्प.

धाकटीने टेबलावरचा हात झटकन मागे ओढला. भांडं उलटलं, वाटाणे घरभर.

तरुणपणी आम्ही दोघींनी अकरा वर्षं डब्यांची झाकणं कापली. त्या शेडमध्ये जितकं हसलो, तितकं पुढे कुठेच हसलो नाही. पत्रा कापणारी प्रेस मी आजही झोपेत ओळखेन. पेडल एकदा दाबलं की ठोका एकदाच पडायला हवा. आत काही झिजलं, की न दाबता दुसरा पडतो. आणि तेव्हा बाईचा हात झाकण उचलायला आत गेलेला असतो.

"हा आवाज कुठून आणलास?" मी विचारलं.

"कालव्यापलीकडच्या वर्कशॉपमधून. एक बाई चालवत होत्या."

"मशीन दुरुस्त केलंय का त्यांनी?"

पिपाणी अडखळली. "फोरमन मिस्त्रीला बोलावणार होते. आम्हीच म्हटलं, व्हिडिओ व्हायचाय, तोवर आवाज बदलू नका."

धाकटी उजवा हात लेकीपुढे करून म्हणाली, "हे त्याच ठोक्याने गेलं."

"तू तर म्हणायचीस, दारात सापडली बोटं!"

"लहान होतीस. काय सांगणार होते?"

वर्कशॉपचा फोन कोणी उचलेना. पिपाणीने गाडी काढली.

बाई मशीनवरच होती. तिची दहाही बोटं जागेवर दिसली, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

"पाय काढ आधी!" मी ओरडले.

ती हसली. "घाबरता काय आजी! माझाच ठोका आहे तो, मासिकात आलाय. दुसरा येतो ते ठाऊक आहे मला. मी थांबते आणि मगच हात घालते."

धाकटीने आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. "मीपण थांबायचे गं."

बाईचं हसू विरलं. तिने पेडलवरचा पाय हळूच उचलला. पिपाणी भिंतीकडे धावली आणि तिने खटका खाली ओढला.

"मशीन कोणी बंद केलं?" फोरमन आतून ओरडत आला. "संध्याकाळी माल जायचाय!"

"मी," पिपाणी म्हणाली. तिचा आवाज फुटतच नव्हता, म्हणून तिला पुन्हा सांगावं लागलं.