स्वारगेट बंद धरलं तर

“सर, आयडिया सगळी माझी,” चेतन खुर्चीत मागे रेलत म्हणाला. “अपेक्षानं टायपिंगला मदत केली.”

अपेक्षा स्क्रीनकडे बघत राहिली. कुठून कुठे जायचं ते टाकलं की पुण्यातली पीएमटीची बस सुचवणारा तो प्रोग्राम तिला एकटीनं लिहिताना सत्यशीला मॅडमनी पाहिलं होतं. चेतन लॅबमध्ये यायचा तो फक्त स्लाइड्स बघायला.

तोंडी परीक्षेसाठी बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. “काय कॉन्फिडन्स आहे! कंपन्यांना अशीच मुलं लागतात.” त्यांनी पन्नासपैकी गुण लिहिले. चेतन शेहेचाळीस, अपेक्षा एकोणतीस. कागद सहीसाठी सत्यशीलाकडे सरकवला.

एकोणतीस म्हणजे अपेक्षाचे साठ टक्के हुकणार, आणि हिंजवडीची कंपनी कॅम्पसला आली की तिला दारातच अडवणार. दरवर्षी हेच. लेखीत जेमतेम सुटणारे तोंडीत बाजी मारायचे. सत्यशीलाला ते कळायचं, तरी ती सही करायची. परीक्षक ज्येष्ठ, आणि ती तासिकेवर नेमलेली शिक्षिका.

आज तिनं पेन उचललं नाही. “एक विचारू, सर? चेतन, स्वारगेट बंद आहे असं धर. हडपसरहून कात्रजला कसं जायचं?”

“मॅडम, हे डिटेल्स झाले. मी व्हिजन बघतो.”

“मग व्हिजननं दाखव.”

चेतन की-बोर्डपाशी सरकला. बोटं हलेनात. सवयीनंच अपेक्षानं हात पुढे केला, दोन ओळी बदलल्या. स्क्रीनवर नवा मार्ग उमटला.

“झालं ना, सर?” चेतन हसला.

“टीमवर्क,” परीक्षक म्हणाले.

सत्यशीलानं गुणांचा कागद बाजूला सरकवला. “चेतन, तू बाहेर थांब.”

“मी? का?”

“मला तिचं ऐकायचंय.”

दार लागलं. “काय बदललंस, अपेक्षा?”

अपेक्षा अडखळली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मग ती पुन्हा बोलू लागली, हळू, पण न थांबता. परीक्षक पुढे वाकले. त्यांनी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक. शेवटी एकोणतीस खोडून त्रेचाळीस केले.

“आणि त्याचे?” सत्यशीलानं विचारलं.

“दिलेले मी कमी करत नाही, मॅडम.”

तिनं सही केली.

बाहेर चेतनभोवती मुलं जमली होती.

“अपेक्षाचं कसं झालं रे?” साईनं विचारलं.

“तिलाही ओढून काढलं मी.”

अपेक्षा दारातच थांबली. “माझं मला विचार, साई.”

घोळका तिच्याकडे वळला. चेतन अजून बोलतच होता.