पोटात माती घेऊन आलेला बैल

मित्रांनो, माझ्या पायांखाली चार चाकं आहेत आणि गळ्यात पितळी घुंगरू. तान्ह्या पोळ्याचा, वीतभर उंचीचा, सागवानी असा मी एक जुना बैल. सध्या मुक्काम न्यूझीलंड. या देशाबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कोणाला विचारा.

मोहगावच्या नत्थूजी सुतारांनी मला घडवलं. ओढायला हलका जावा म्हणून पोट कोरून पोकळ केलं आणि खाली सरकती फळी बसवली. रामाकोन्याच्या कलाबाईंनी मला त्यांच्या मुलासाठी, वीरेंद्रसाठी नेलं. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमचा, लहान मुलांचा पोळा. वीरेंद्र माझ्या अंगाला गेरू लावायचा, शिंगांना बेगड चिकटवायचा आणि मला दारोदार मिरवायचा. एका वर्षी सजावटीत आमचा पहिला नंबर आला. त्या दिवशी मी जेवायला त्याच्या ताटाशेजारी होतो.

मग तो इंजिनीयर झाला आणि मी माळ्यावर गेलो. पंधरा वर्षांत माझी विचारपूस केली ती लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी.

यंदा पोळ्याच्या तोंडावर त्याची बायको पूनम चार वर्षांच्या लेकीला, डिंपलला घेऊन त्याच्याकडे न्यूझीलंडला निघाली. डिंपलनं मला माळ्यावरून उतरवायला लावलं आणि सोडेचना. पूनमचा स्वभाव असा की कुलूप लावून तीनदा ओढून बघेल. प्रवासाचे सगळे नियम तिनं पाठ केले होते. पण निघायच्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि कलाबाईंनी शेतातली ओंजळभर माती फडक्यात बांधून माझ्या पोटात कोंबली.

"नव्या गावच्या पाण्यात चिमूटभर टाकली का पोरीचं पोट नाही बिघडत," त्या मलाच म्हणाल्या. "सुनबाईले पोचल्यावर सांगीन. आता सांगितलं तं शिकलेली बाई, नाहीच म्हणन."

तर आता त्या देशाची पहिली ओळख ऐका. विमानतळावर कशालाच वास नव्हता, माणसांनासुद्धा. पुढे कोणी नसलं तरी लोक जमिनीवरच्या पट्टीमागे उभे. दुकानात संत्री होती, आणि एकेकावर चिठ्ठी चिकटवलेली! ज्याला संत्रं चिठ्ठी वाचून ओळखावं लागतं, त्याच्या अकलेबद्दल मी काय बोलू? एक कुत्रा कोट घालून मला हुंगून गेला. तो म्हणे सरकारी नोकर. आमच्या भागात बैलाला असं हुंगलं असतं तर शिंगावर गेला असता.

पूनमनं कागदावर 'लाकडी खेळणं' असं खरं लिहिलं होतं. तपासणीच्या टेबलावर एका बाईनं हातमोजे चढवून मला उलटं केलं, फळी सरकवली, आणि फडकं बाहेर आलं.

"ही माती आहे. बाहेरची माती इथं आणायला बंदी आहे," बाई म्हणाली.

पूनम घाईघाईनं म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो. सासूबाईंनी ठेवली असेल."

कापूस आणि संत्री पिकवणारी आमची काळी माती त्या बाईनं विषासारखी दोन पिशव्यांत बंद केली. मग माझ्या अंगावरची छिद्रं मोजली. म्हणाली, "लाकडात कीड आहे. एक तर हाही नष्ट करायला द्या, नाही तर दहा दिवस आमच्याकडे ठेवा. भट्टीत तापवू. तडकला तर आमची जबाबदारी नाही. घरी विचारायचं तर विचारा."

पूनमनं वीरेंद्रला फोन लावला. तो बाहेरच उभा होता.

"काय करून राहिली आत? दोन तास झाले!"

"अहो, बैलाला अडवलंय."

"कोणता बैल?"

मित्रांनो, 'कोणता बैल'!

"तुमचा. तान्ह्या पोळ्याचा."

"हात्तिच्या! टाकून दे न कचऱ्यात. इथं एकसे एक खेळणे भेटतात."

डिंपलनं माझं घुंगरू घट्ट धरलं होतं. पूनमला नियमांची भीती वाटते, गणवेशाची वाटते, नवऱ्याच्या चढ्या आवाजाचीही वाटते. पण ती म्हणाली, "फेकायचा असंल तं तुम्ही आत या अन् पोरीसमोर फेका. मी नाही फेकत." आणि फोन ठेवून तिनं कागदावर सही केली.

भट्टीचं म्हणाल, तर आमच्या सौंसरकडच्या मे महिन्यापुढे ती सावली होती. तरीही पाठीवर एक चीर गेलीच.

दहा दिवसांनी मी खोक्यातून घरी पोचलो, तेव्हा पोळा होऊन गेला होता. खोकं वीरेंद्रनं उघडलं.

"घ्या," पूनम म्हणाली, "ओळख पटते का?"

तो खाली बसला, चिरीवरून अंगठा फिरवला आणि डिंकाची बाटली घेऊन आला.

"बाबा, त्याला दुखते का?" डिंपलनं विचारलं.

"नाही गं."

हा माणूस अजूनही मला ओळखत नाही. दुखत होतं, पण चिरीत नव्हे.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतात आणि तुम्ही ऐकत नाही. एवढंच करा, टाकायची वेळ आली तर तिला आधी हातात घ्या, नीट बघा, आणि मग टाका. फोनवरून टाकू नका.